सहशिक्षकांचे आभार नेमके कसे मानावेत?

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं त्यांच्या समग्र वाङ्मयात आहेत. त्यातलं पहिलं ऑक्टोबर १८५६ मधलं. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी राहिल्या होत्या आणि पुण्यातल्या शाळांचं काम मागे उरलेल्यांच्या अंगावर पडलं होतं. त्या पत्रात त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या फातिमाचा उल्लेख येतो. आपल्या माघारी तिला किती त्रास पडत असेल याची सावित्रीबाईंना काळजी आहे, आणि ती कुरकुर न करता सगळं निभावून नेईल याची खात्रीही आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची एक शिक्षिका रजेवर असताना आपला वर्ग कोण सांभाळतंय हे विसरलेली नाही, एवढं त्यातून सरळ दिसतं.

आपल्या प्रत्येकाच्या नोकरीत अशी कुणीतरी फातिमा असते. बाळंतपणाच्या रजेत आपला वर्ग स्वतःच्या वर्गाला जोडून घेणारी, पहिल्या वर्षी हजेरीपटाची बेरीज कशी जुळवायची ते शिकवणारी, साहेब येणार म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी आपल्या शाळेत येऊन बसणारी. तिचे आभार आपण बहुतेक वेळा मानतच नाही, आणि मानले तरी ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ एवढ्यावर भागवतो. ते आभार कसे मानावेत आणि अशी माणसं मुळात भेटावीत म्हणून शिक्षकांचा गट कसा जमवावा, याविषयी थोडं सांगते. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

आपला पेशा तसा एकट्याचा. घंटा झाली, दार लोटलं, की आत आपण आणि मुलं. शेजारच्या वर्गातले सर भागाकार कसा शिकवतात हे मधे एकच भिंत असूनही वर्षानुवर्षं आपल्याला ठाऊक नसतं. द्विशिक्षकी शाळेत तर जोडीदार प्रशिक्षणाला, पंचायत समितीत माहिती द्यायला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शेजारच्या वाडीवरच्या एका बाईंनी मला एका वापरलेल्या कागदाच्या पाठीवर चार रकाने आखून दिले होते. कोणती इयत्ता आत्ता बाईंजवळ, कोणती गटात, कोणती एकेकट्याने लिहिणार आणि कोणती मोठ्या मुलाला सोपवलेली, असं अर्ध्या अर्ध्या तासाचं. डी.एड.ला बहुवर्ग अध्यापनावर प्रश्न येत असे, उत्तरही पाठ होतं. पण चौथीला वाचायला बसवून पहिलीकडे वळलं की चौथीचा आवाज का वाढतो आणि तो वाढू नये म्हणून वाचनानंतर लगेच काय करायचं हे आधीच का सांगून ठेवायचं, ते त्या कागदाने शिकवलं.

गट कुणाचा, कधी, कुठे

केंद्राची शिक्षण परिषद आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडली होती. आपल्या केंद्रशाळा त्याच विचाराच्या वळणावर उभ्या आहेत. पण परिषदेत परिपत्रकं वाचायची असतात, याद्या द्यायच्या असतात, नवीन ॲपमध्ये माहिती कशी भरायची ते दाखवायचं असतं. ‘माझ्या वर्गात हे जमत नाही’ असं साहेबांसमोर बोलायला धीर लागतो. म्हणून परिषद चालू द्या आणि तिच्याबरोबर स्वतःचा एक लहान गट करा.

लहान म्हणजे चार ते सात जण. एकाच इयत्तेला किंवा एकाच विषयाला शिकवणारे असले तर फारच बरं. दुचाकीवरून अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल एवढं अंतर असावं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचा दीड तास ही आपल्याकडची सर्वांत सोयीची वेळ. महिन्यातून एकदा पुरे. रविवार घेऊ नका. घरचे चिडतात आणि दोन महिन्यांत गट मोडतो. बैठक दर वेळी वेगळ्या शाळेत घ्या, कारण दुसऱ्याच्या वर्गाच्या भिंती पाहण्यातच निम्मं शिक्षण असतं. भिंतीच्या खालच्या पट्टीवर मुलांसाठी रंगवलेला फळा, खिडकीच्या गजांना दोरी बांधून लावलेली वाचनाची पुस्तकं, हे कुणी सांगत नाही, ते दिसतं. बाईमाणसांना उशीर होणार नाही, कुणाच्या तरी गाडीवर परतीची सोय आहे, एवढं पाहणं हे यजमान शाळेचं काम. पोहे झाले तर उत्तम, पण पोह्यांवरून स्पर्धा नको.

असे गट टिकतात का? मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, पुस्तकात तयार उत्तरं नाहीत, असा तो होता. पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि शेकडो शाळांपर्यंत नेला. प्रशिक्षणं तर होतीच, पण त्याचा खरा कणा म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठका. कोणता प्रयोग फसला, मुलांनी असा कोणता प्रश्न विचारला की त्याचं उत्तर आपल्याकडे नव्हतं, यावर तिथे मोकळेपणी बोलणं होई. पुस्तकं सुधारली गेली ती या बोलण्यातून. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. म्हणजे तीस वर्षं तो चालला. आपल्याकडच्या किती योजना तीस वर्षं टिकल्या हे तुम्हीच मोजा.

आपल्या साताऱ्यातल्या कुमठे बीटचं उदाहरण तर त्याहून अलीकडचं आहे. ज्ञानरचनावादी पद्धतीने चालणाऱ्या तिथल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून येत. पाहून गेलेल्या पुष्कळांनी जमिनीवर रंगीत आकृत्या काढल्या आणि काम झालं असं मानलं. ज्यांच्या गावी आधीपासून चार शिक्षक एकमेकांशी बोलत होते, त्यांच्याकडे आकृत्यांच्या पुढचं काही घडू शकलं. नुसत्या भेटीने काही रुजत नाही, असं माझं तरी मत झालं आहे.

विचारायचं कसं

‘माझ्या वर्गाला वजाबाकी येत नाही, काय करू?’ या प्रश्नाला उत्तर नाही. त्यावर सल्ले येतात, ‘सराव वाढवा’ असे. प्रश्न असा विचारा की समोरच्याला मूल दिसलं पाहिजे.

समजा तिसरीचा वर्ग आहे. उदाहरण दिलंय ५०३ वजा २७८. निम्म्या वर्गाचं उत्तर आहे ३७५. ही मुलं आळशी नाहीत, पाढेही येतात त्यांना. वह्या समोर ठेवून पाहिलं तर कळतं की त्यांनी आठातून तीन, सातातून शून्य आणि पाचातून दोन काढले आहेत. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे आपणच पहिलीत सांगितलेलं वाक्य ती इमानाने पाळत आहेत. अशा दोन-तीन वह्या घेऊन बैठकीला जा. फोटोवर भागवू नका. खाडाखोड वहीतच नीट दिसते आणि खाडाखोडीतच मुलाचा विचार असतो.

आता पाहा काय होतं. एक सर म्हणतात, खोट्या नोटा करा. शंभराच्या पाच, दहाची एकही नाही, एकाची तीन नाणी. दुकानदाराला २७८ द्यायचे आहेत. मूल आपोआप म्हणतं, ‘सुटे नाहीत.’ मग एका मुलाला बँक करा. शंभराची मोड आणायची, त्यातल्या एका दहाची पुन्हा मोड आणायची. शून्यावरून दोनदा मोड का करावी लागते, ते फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नाही, बँकेत दोन फेऱ्या मारल्या की कळतं. दुसऱ्या मॅडम म्हणतात, गणित मांडण्याआधी अंदाज विचारा. पाचशेतून पावणेतीनशे गेले तर किती राहतील? ज्या घरात बाजारहाट होतो त्या घरातलं मूल ‘सव्वादोनशे’ म्हणतं. मग त्याचं ३७५ त्याच्यापुढे धरा: पावणेतीनशे दिले आणि वर पावणेचारशे उरले? ते स्वतःच हसतं. तिसरं कुणी म्हणतं, उत्तर तपासायची सवय लावा. ३७५ मध्ये २७८ मिळवले की ६५३ येतात, ५०३ येत नाहीत.

तीन जणांनी तीन वेगळ्या मुलांची औषधं सांगितली. ज्याला स्थानिक किंमतच कळलेली नाही त्याला नोटा. ज्याला कळली आहे पण घाई करतो त्याला अंदाज. ज्याला दोन्ही जमतं त्याला पडताळा. एकट्याने बसून यातलं एखादं सुचलं असतं, तिन्ही सुचायला तीन वर्ग लागतात.

हीच रीत भाषेच्या अडचणीला लावा. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी, पालघरला वारली, रायगडात कातकरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि बाईंचं बोलणं त्याला परकं वाटतं. एखादा शिक्षक बोलीभाषा शिकेपर्यंत त्याची बदली होते. पण एका खोऱ्यातल्या पाच शाळांनी पहिलीच्या पुस्तकातले नेहमीचे शब्द वाटून घेतले, गावातल्या आजी-आजोबांना विचारून त्यांच्या बोलीतले शब्द लिहून काढले, आणि ती वही केंद्रशाळेत ठेवली, तर पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी मुलाला पाणी हवंय का ते त्याच्या बोलीत विचारता येईल. त्या वहीवर आजीचं नावही लिहा.

एकमेकांचा वर्ग पाहणं

हे सर्वांत अवघड, म्हणून शेवटी करा. गट जमून सहा-आठ महिने झाल्यावर. आपल्याकडे वर्ग पाहणं म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे शेरेबुक, असं डोक्यात पक्कं बसलं आहे. मागच्या बाकावर कुणी वही उघडून बसलं की आपला आवाज बदलतो.

जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास ही शिक्षकांची जुनी रीत आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात. त्यातला एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे पाहतात, मग सगळे बसून बोलतात, आणि सुधारलेला पाठ कधी कधी दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे फसला तर सगळ्यांचा फसतो. यातल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा घ्याव्यात. पाहणाऱ्याने शिक्षकाकडे पाहायचं नाही, मुलांकडे पाहायचं. प्रत्येकाने दोन-तीन मुलं वाटून घ्यायची आणि ती काय करतात, कुठे थांबतात, शेजाऱ्याच्या वहीत कधी डोकावतात तेवढंच टिपायचं. आणि चर्चेत पहिल्यांदा बोलायचं ते ज्याने पाठ घेतला त्याने. त्याचं बोलून होईपर्यंत इतरांनी गप्प. माझ्याकडून एक तिसरी अट: मोबाइलवर चित्रण नाही. चित्रण सुरू झालं की पाठ मुलांसाठी उरत नाही.

आता आभार

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, त्याला मी आभार म्हणत नाही. ते ‘पोचलं’ म्हणण्यासारखं आहे. ज्याने आपल्याला काही दिलं त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की त्याचं पुढे काय झालं. तेच आपण कळवत नाही. तंत्र घेतो, वापरतो, आणि देणारा अंधारातच राहतो.

अंदाज विचारायला सुचवणाऱ्या त्या मॅडमना असं लिहून पाहा:

‘मॅडम, नमस्कार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सोमवारपासून वजाबाकीच्या आधी अंदाज विचारायला लागले. पहिले दोन दिवस मुलं काहीही आकडे फेकत होती. बुधवारी एकाने स्वतःहून दुसऱ्याला अडवलं, “एवढे कसे उरतील?” म्हणून. दोन मुली अजून शून्यापाशी अडतात, त्यांना सरांच्या नोटा दिल्या आहेत. टाचणात तुमचं नाव लिहिलं आहे. पुढच्या शनिवारी दोघींच्या वह्या घेऊन येते.’

एवढंच. यात स्तुती कुठेच नाही, तरी मॅडम हे पत्र जपून ठेवतील. न जमलेलं लिहिलं आहे म्हणून जमलेल्यावर विश्वास बसतो. आणि पुढची भेटही ठरून गेली.

टाचणात नाव लिहिण्याची सवय मुद्दाम लावून घ्या. कृतिपत्रिका कुणाची घेतली तर तळाला त्यांचं आणि शाळेचं नाव राहू द्या. खोडून आपलं घालणारे आपल्यात आहेत आणि ते सगळ्यांना माहीत असतात. तुम्ही तिच्यात बदल केलेत तर ‘मूळ अमुक यांची, थोडा बदल केला’ असं लिहा. प्रशिक्षणात उपक्रम सांगाल तेव्हा तो कुणाकडून आला ते पहिल्या वाक्यात सांगा, शेवटी सांगितलेलं टाळ्यांत बुडतं. आणि पुरस्काराचा प्रस्ताव. त्या जाडजूड फायलींत ‘मी’ इतका असतो की शाळेत दुसरं कुणी होतं की नाही अशी शंका यावी. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं एक पान त्यात जोडलं तर गुण कमी होणार नाहीत.

काहींचे आभार त्यांच्या वरिष्ठांसमोर मानायला हवेत. नवख्या शिक्षणसेवकाने गटाला चांगली कल्पना दिली तर केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. त्याला त्याचा उपयोग तुमच्या पाठ थोपटण्यापेक्षा जास्त आहे. काहींचे मात्र खासगीतच मानावेत. अडचणीच्या काळात ज्यांनी आपला वर्ग ओढला, त्यांचं कौतुक सभेत केलं की आपली अडचणही सभेत येते आणि त्यांनाही अवघडल्यासारखं होतं. आभारांच्या यादीत शिक्षक नसलेल्यांना विसरू नका. पहिलीत येणाऱ्या मुलाची अर्धी ओळख अंगणवाडीताईंकडून मिळते, आणि कोणतं मूल सकाळी उपाशी आलंय हे खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आपल्याआधी कळतं.

वडीलधाऱ्यांचं ऋण फेडायची एक रीत अनुताई वाघांच्या आयुष्यात दिसते. १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाई मोडकांबरोबर कामाला लागल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी ताराबाईंना गुरू मानलं आणि त्यांच्या पश्चात ते काम कित्येक वर्षं चालवलं, वाढवलं. आपल्या कुवतीत याचा अर्थ इतकाच की आपल्याला कुणी पहिल्या वर्षी सांभाळलं असेल तर आज आपल्या केंद्रात नव्याने लागलेल्या पोराला चार रकान्यांचा कागद आपण आखून द्यायचा.

गट मोडतो कशाने

बदल्यांनी मोडतो, त्याला इलाज नाही. म्हणून गटाची एक वही असू द्या. तारीख, प्रश्न, सुचवलेले उपाय, पुढे काय झालं, एवढेच रकाने. माणसं गेली तरी वही केंद्रशाळेत राहील.

बाकी मोडतो तो आपल्याच हातांनी. पेन्शन, वेतनश्रेणी, बदलीचं पोर्टल हे विषय महत्त्वाचे आहेत, पण त्यांना संघटनेच्या सभा आहेत. या दीड तासात ते आले की वह्या पिशवीतच राहतात. अनुपस्थित शिक्षकाच्या वर्गाविषयी बोलायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. मुलाचं नाव घेऊन त्याच्या घरचं बोलणंही नको. दर वेळी एकच ज्येष्ठ सर बोलत असतील तर वह्या दाखवण्याची सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून करा, सरांना न दुखवता वेळ आपोआप वाटला जाईल. नुसतं घेणारे एक-दोघे प्रत्येक गटात असतात. त्यांना काढू नका. एखादी बैठक त्यांच्या शाळेत ठेवा. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस काहीतरी मांडतोच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास बहुधा पडद्यासमोर बसून भरले जातील. महिन्याचा दीड तास धरला तर गटाचे वर्षाला फार तर अठरा तास होतात, आणि त्यांचं प्रमाणपत्रही मिळणार नाही. तरी ते द्या. गटाला बाहेरून काही हवं असेल तर डाएटचे विषय सहायक आहेत, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातली क्वेस्ट यांनी भाषा-गणितावर बरंच काम करून ठेवलं आहे. पण तिथे जाताना आपल्या वर्गाचा प्रश्न घेऊन जा.

आणि एक काम या आठवड्यातच उरका. आपल्याकडे शिक्षकाविषयी चांगलं बोलण्याचा मुहूर्त म्हणजे निवृत्तीचा निरोप समारंभ. शाल, नारळ, सजवलेली गाडी, आणि तीस वर्षांत कधी न काढलेले शब्द एका दुपारी. ज्यांच्याविषयी तुम्ही तिथे बोलणार आहात त्यांना आजच एक कागद लिहा: काय शिकलात, तुमच्या वर्गात त्याचं काय झालं आणि अजून काय अडलंय. ते नोकरीत असतानाच तो त्यांच्या हाती पडू द्या, म्हणजे अडलेलं विचारायलाही वेळ राहील.